अर्धी काच

माणगंगेत वाळूच वाहते. त्या काठचा माणूस
नेव्हीत गेला म्हटलं की लोक आधी हसतात.
म्हाकू बिरा सरगर.
कागदावर एम. बी. सरगर, स्टोकर, दुसरा वर्ग.
छाती दोन इंच कमी भरली, तर
भरतीच्या साहेबानं तोंड उघडायला लावून दात बघितले,
बाजारात आम्ही मेंढरू घेतो तसे,
आणि घेतला.

चुलता माझा. सुट्टीवर आला की
आम्ही पोरं घेरायचो:
नाना, समुद्र कसा असतो?
तो विडी विझवायचा, जरा वेळ घ्यायचा.
“गरम असतुय.”

एवढंच.

कारण सोळा वर्षं तो पाण्याच्या रेषेखाली होता.
जहाज जुनं, गोऱ्यांनी वापरून विकलेलं,
पितळी पाट्यांवर अजून त्यांचीच अक्षरं.
एकोणीस पायऱ्यांची लोखंडी शिडी,
हाताला चिंध्या गुंडाळून उतरायची,
आणि चार तास उभं राहायचं
एका काचेच्या नळीसमोर.
नळीत पाणी अर्ध्यावर दिसलं पाहिजे.
वर चढलं तर इंजिनात शिरणार.
खाली गेलं, दिसेनासं झालं,
तर बॉयलर, आणि सोबत म्हाकू सरगर.

वर कोणतं बंदर लागलं, सलामी कुणी दिली,
खाली नुसती घंटा कळायची: सावकाश, थांब, मागे.
एकदा तोफा उडाल्या.
पाइपांवरचं लिंपण हादरून
पांढरी भुकटी डोक्यावर सांडली.
घंटा म्हणाली, पुढे, जोरात.
त्याच्या हिशेबी लढाई ती एवढी.
भुकटी न झटकताच जेवायला बसला.
खोकला बऱ्याच वर्षांनी आला.

आणि तिथंही दुष्काळच.
गोडं पाणी आधी बॉयलरला, मग आचाऱ्याला,
मग साहेबांना, मग उरलं तर.
खाऱ्या पाण्यात साबण फेस धरत नाही.
चहूकडे समुद्र, आणि
दोघांत एक बादली.
“गावची सवय हुती म्हणून टिकलो,” म्हणायचा,
“कोकणातली पोरं रडायची.”

पेन्शन बसली. मग साखर कारखाना:
पुन्हा बॉयलर, पुन्हा काच.
उन्हाळ्यात टँकर विहिरीत पाणी सोडायचा,
बाया कळशा आपटत भांडायच्या,
हा काठावर उकिडवा, नजर आत.
“निम्म्याखाली आलं. थांबा.”
त्या थांबायच्या.
का कोण जाणे, थांबायच्या.

एका मे महिन्यात पेपरात चार ओळी आल्या,
जहाज भंगारात निघालं, दारूखान्याला.
आटपाडीहून रात्रीची एसटी.
सोबत मी, बारावी नापास, रिकामा.

चिखलात ते कुशीवर कललं होतं.
गॅसकटरनं पोट उभं फाडलेलं,
कातडं एका बाजूला ओढून ठेवलेलं.
मुकादम ओरडला, बाबा, लांब.
नाना विजार वर धरून पुढंच गेला,
घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत.
शिडी लोंबत होती. मी मोजल्या, सात पायऱ्या.
बॉयलरच्या जागी पोकळी,
आणि त्या पोकळीत, पार तळापर्यंत,
दुपारचं ऊन.

तिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं.
हे तो बोलला नाही. मी आत्ता लिहितोय.
त्याला उबळ आली, ती त्यानं दाबली.

परतताना स्वारगेटला चहा घेतला, गप्पच.
फलटण गेलं, दहिवडी गेली,
म्हसवड ओलांडल्यावर काचेकडं तोंड करून म्हणाला,
“किती बारकी जागा हुती रं ती.”
आणि झोपला, तोंड उघडं टाकून.

विजारीवरचा तो समुद्राचा काळा चिखल
गुरुवारपर्यंत तसाच दोरीवर होता.
टँकर गुरुवारी यायचा.